औंढ्याच्या नळ्या

४ ऑग.
पुण्याच्या संस्थेचं उत्तर. त्यांचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर 'सर्वांसाठी खुला', पण मंजूर प्रकल्पाचा क्रमांक हवा. मंजुरी देणारे म्हणतात, आधी फ्रीझर मिळाल्याचं पत्र जोडा. दोघांना एकदा समोरासमोर बसवून चहा पाजला पाहिजे.
तोवर भातलावणीत तापाने आजारी पडलेल्या औंढ्याच्या बायकांचं रक्त आमच्या कॉलेजच्या साध्या फ्रीझरात. जास्त दिवस टिकणार नाही.

११ ऑग.
औंढ्यात साळूमावशी भेटल्या. रक्ताची पहिली नळी त्यांचीच.
"बाई, कळलं का कशाचा ताप? मागल्या साली माजी धाकली जाऊ अशीच तापली. न्हाई ऱ्हायली."
उंदरांमुळे चिखलातून होणारा लेप्टो असावा, हा माझा नुसता संशय. तरी बोलून गेले, दसऱ्यापर्यंत नक्की सांगते. जिभेला हाड नाही माझ्या.

२ सप्टें.
प्रकल्पाचा अर्ज परत. फ्रीझरचं पत्र नाही!! विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ताप सोडा, एआयवर काहीतरी लिहा." मीही हसले. डोकं मात्र भणभणलं.

१९ सप्टें. शुक्र.
नेहाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात संशोधन करते. तिच्या लॅबमध्ये एक कप्पा रिकामा, तपासणीचं मशीनही मोकळं. "सोमवारी घेऊनच या." किती दिवसांनी नीट जेवले.

२२ सप्टें.
कॉलेजचा फ्रीझर उघडला. लख्ख. रिकामा.
लॅबचे बबनराव म्हणाले, "शनवारी कॉलेज तपासायला कमिटी हुती ना. सरांनी फ्रीझर चकाचक करायला सांगितलं. तुमच्या नळ्या जपून ठेवल्यात की, कपाटात."
कपाटात. शुक्रवार दुपारपासून. एकही फुटलेली नाही, नंबरवार लावलेल्या. बबनरावांवर ओरडले, ज्यांनी सांगितलं त्या विभागप्रमुखांवर नाही. लाज वाटते.
नेहा म्हणते, यातून आता जंतू सापडणं कठीण. ताप अंगात असतानाचंच ताजं रक्त लागेल.

१ ऑक्टो.
उद्या दसरा. औंढ्याला जाऊन सरळ सांगून टाकलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग,
"म्हंजी पुना कुनाला तरी ताप यायची वाट बगायची?"
निघताना त्यांनी दोन काकड्या पिशवीत घातल्या. नको म्हणवेना.
अर्ज पुन्हा भरायला घेतलाय. 'प्रकल्पाची निकड' या रकान्यात मावशींचं वाक्य लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. अजून पाठवलेला नाही.