शेवट गोड हाय न्हवं?

१२ नोव्हेंबर १९५३, गुरुवार

दिवाळी अंक संपला एकदाचा. सगळ्या गोष्टींत मिळून नायक एकच असावा असं वाटतं. उंच, गोरा, आणि मोटार बिघडलेला. ती मोटारही नेमकी नायिकेच्या फाटकाशीच बिघडते. आमच्या कोल्हापुरात मोटारी बिघडतात त्या म्हशींच्या गोठ्यापाशी, आणि बाहेर येते ती शेणाची पाटी घेतलेली बाई. पण वाचायला मजा आली, खोटं का बोला. चहा पिता पिता वाचावं असं सगळं. शेरा: शे. गो.

शे. गो. म्हणजे शेवट गोड. ही खूण असल्याशिवाय आमच्या घरात पुस्तकाला उंबरा ओलांडता येत नाही. आबांचा हुकूम. त्यांना अक्षरओळख सहीपुरती, ऐकायची हौस मात्र दांडगी. भल्याभल्या पैलवानांना आस्मान दाखवलेला हा माणूस कुठल्याशा गोष्टीतलं वासरू मेलं म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. तेव्हा आई वाचून दाखवायची. ती गेल्यापासून मी. पुस्तक उघडलं की आबा विचारणार, ‘शेवट गोड हाय न्हवं?’ कलिंगडवाल्याला विचारावं तसं. म्हणून मी शेवटचं पान आधी बघून ठेवते.

आज शाळेतून आले तर आबा दारातच, डोळे बारीक करून. मला म्हणाले, ‘कोण पावणं?’ मी हसले. मग आत जाऊन तोंड धुताना रडू आलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

‘आगगाडीतले स्थळ’ संपवलं. मुलगी बघायला निघालेला मुलगा, आणि समोरच्या बाकावर तीच मुलगी, दोघांनाही पत्ता नाही. वाचकाला पहिल्या पानावर कळतं ते यांना शेवटच्या स्टेशनावर कळतं. संवाद मात्र खुसखुशीत. मुलीच्या आत्याचं पात्र फक्कड जमलंय. ती आत्या आणखी असती तर नायक-नायिका नसते तरी चाललं असतं. शे. गो.

आबांचं मत वेगळंच. नायक गुंडाला ठोसे मारतो तिथं मला थांबवलं. ‘पट काढायचा की! नुसतं गुद्दं हाणून गडी पडतुय व्हय? ह्यो लिवणारा तालमीत गेलता का कदी?’

आमच्या शिक्षकांच्या खोलीत असली पुस्तकं हातात दिसली की नाकं मुरडतात. मुरडू देत. दिवसभर पोरींच्या वह्या तपासून संध्याकाळी कुणाचं तरी बरं झालेलं ऐकावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं?

१९ नोव्हेंबर

‘डॉक्टरीणबाईंचे लग्न’ अर्ध्यावर. ठीक. डॉक्टरीणबाई एकाही रोग्याला तपासत नाहीत, फक्त खिडकीतून बघतात.

तोच धागा धरून आबांकडे विषय काढला. मिरजेला जाऊन मोतीबिंदू काढून घ्या. एवढे लोक जाताहेत, बघत परत येताहेत. तर म्हणे, ‘डोळ्याला सुरी लावाय मी काय बोकड हाय?’ मी चिडले. म्हटलं, मग रोज मला पावणं म्हणत बसा.  दिवा मालवताना म्हणाले, ‘तुजी आई ते मंजुळेचं वाचायची. ते एकदा वाच. मग बघू डोळ्याचं.’

मंजुळा! किती वर्षांनी नाव ऐकलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

वाचनालयात सकाळ गेली. तिथले तात्या म्हणाले, ‘शालूताई, ते पुस्तक आता कोण मागतंय? नवीन न्या की.’ शेवटी जुन्या कपाटाच्या तळाशी सापडलं. ‘मंजुळेचा हट्ट’. पुठ्ठा सुटलेला, पानं शाबूत. नाकाशी धरलं तर नुसती धूळ. मला उगीच वाटलं होतं आमच्या जुन्या माजघराचा वास येईल.

२५ नोव्हेंबर

रोज दोन प्रकरणं. काय पुस्तक आहे! मंजुळा नवऱ्याशी भांडते, सासूला कोपरखळ्या मारते, शेजारणीची खोडी काढते आणि वर स्वतःच रुसून बसते. हल्लीच्या नायिका वीणेसारख्या कोपऱ्यात उभ्या असतात, ही घरभर पळते. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, पण हसू हमखास.

मला एकेक आठवायला लागलंय. आबा घोंगडीवर आडवे, आई कंदिलाशी, मी तिच्या मांडीवर. ती मूळची गगनबावड्याच्या घाटाखालची. एवढी वर्षं कोल्हापुरात काढली तरी वाचताना कोकणातला हेल यायचाच. सासूच्या तोंडची वाक्यं ती आमच्या आजीच्या आवाजात वाचायची, आणि आबा तोंडात पटक्याचा शेव कोंबून हसायचे, पलीकडं आजीला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दर वेळी शेवटाआधीच झोपायचे. मधेच आवाज यायचा, ‘निजलंस काय गो?’

आज वाचताना माझ्या तोंडी तोच हेल आला. आबा नुसते कूस बदलून माझ्याकडं तोंड करून झोपले.

शेवटचं पान बघितलेलं नाही. आईनं इतक्या वेळा वाचलेलं, त्याचं काय बघायचं?

२९ नोव्हेंबर, रविवार

बघायला हवं होतं.

शेवटच्या प्रकरणात मंजुळा रागावून माहेरी जाते. इथवर मी मजेत वाचतेय. पुढच्या ओळीत तिला ताप भरतो. पुढच्या पानावर... लेखकाला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, अख्खं पुस्तक हसवून शेवटी मारली पोरीला. नवरा पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं. मी थांबायच्या आत तापाची ओळ तोंडातून निघून गेली.

आबा ताडकन उठून बसले. ‘खोटं वाचतीयास!’

म्हटलं, नाही हो, इथं असंच...

‘ताप न्हाय न् बीप न्हाय. ती रुसून बसलेली असती. नवरा गाडी जुपतो, म्हनतो चल तुज्या म्हायेरला. घाटाच्या टोकावर गाडी थांबिवत्यात. खाली समदं दिसतं. तांबडी कौलं, देवळाम्होरं बकुळीचं झाड, बाजूनं व्हाळ. ती म्हनती, त्ये बगा आमचं घर. त्यो म्हनतो, कुठलं? मग ती त्याचा हात धरून बोट दाखिवती. आन् दोघं चालत घाट उतरत्यात. हां. वाच आता नीट.’

मी पुस्तक समोर धरलं आणि ते बोलले तसं सगळं वाचलं. जरा लांबवूनच वाचलं. आबा आडवे झाले. म्हणाले, ‘आसं हाय त्ये.’

३० नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत पुस्तक पुन्हा चाळलं. कुठंही घाट नाही. मंजुळेचं माहेर कृष्णाकाठी, सपाट मुलखात. बकूळ नाही, व्हाळ नाही. ओढ्याला व्हाळ म्हणायची ती आईच.

बकूळ आईच्या गावच्या देवळापुढची. मी लहानपणी एकदा तिच्याबरोबर गेले होते, फुलं ओच्यात भरून आणली होती.

आईनं आबांसाठी शेवट बदलला हे कळलं. वासरासाठी न जेवणाऱ्या माणसाला मंजुळा मेली कसं सांगणार? पण नुसता गोड करायचा तर नवरा वेळेवर आला, ताप उतरला, एवढ्यावर भागलं असतं. तिनं गोष्टीत घाट घातला. आबा कधी घाट उतरलेच नाहीत. लग्न इथं कोल्हापुरातच लागलं, आईच्या मामाच्या घरी. पुढं दर वर्षी, ‘औंदा जाऊ’. कधी कुस्त्यांचा हंगाम, कधी जत्रा, कधी म्हैस व्यायची. आई एकटीच जायची, दोन-चार वर्षांतून कधीतरी. तिचे वडील ऐन पावसात गेले तेव्हा घाट बंद होता, मग तेही राहिलं.

तिनं कधी तोंडानं मागितलं नाही. मंजुळेला मागायला लावलं. एकदा नाही, किती वेळा वाचलं असेल ते! आणि आबा दर वेळी ‘लई झ्याक शेवट’ म्हणून कुशीवर वळले.

आज त्यांना जेवायला वाढताना भाकरी आपटलीच ताटात. त्यांना काय कळणार कशाबद्दल? म्हणाले, ‘शाळंत कुनी काय बोललं व्हय?’

२ डिसेंबर

राग फार टिकत नाही. आबा आपणहून म्हणाले, ‘मिरजंला जाऊ. डोळं करून घिऊ. मंग ती जागा बगायची हाय. पुस्तकातली.’

आता सांगावं का? सांगितलं तर आई गेल्यावर तिचं मागणं त्यांच्या पदरात पडणार, तेही देता न येणारं. न सांगितलं तर ते कुणा मंजुळेसाठी घाटावर जाणार. आईचं मागणं तसंच राहणार, पुस्तकात नसलेल्या पानावर. दोन्ही नकोसं वाटतं.

डोळे होऊ देत आधी.

१७ जानेवारी १९५४, रविवार, मिरज

डोळा झाला. आबा उताणे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. एवढा मोठा पैलवान कुणी चीत केला तर या दोन पिशव्यांनी.

वाचायला नवीन विनोदी पुस्तक नेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले हसवायचं नाही, टाक्याला धक्का बसतो. त्यामुळे एक मत नक्की झालं: पुस्तक खरंच विनोदी होतं. आबांना मंजुळाच हवी. तीही शेवटचीच, घाटाची. रोज तेवढंच ‘वाचते’.

शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरचे एक व्यापारी, त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. परवा म्हणाले, ‘बाई, जरा मोठ्यानं वाचा की, आमालाबी ऐकू द्या.’ आज तर त्यांची पट्टी ओली झाली, ती बदलायला परिचारिका धावली आणि मला बोलणी बसली. वर त्यांनी पुस्तकाचं नाव विचारून घेतलं, बायकोसाठी. मी सांगून बसले. आता जयसिंगपुरात कुणी बाई बिचारी घाट शोधत वाचेल आणि तिच्या हाती ताप येईल.

१४ मार्च, रविवार

चष्मा आला. जाड भिंगांचा, त्यामागं आबांचे डोळे बटाट्याएवढे. पहिलं मला बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत. ‘आईवानी दिसाय लागलीस की गं.’ मग सकाळी स्वतः गंगावेशीत जाऊन, समोर धार काढून दिलेलं दूध पिऊन आले आणि गवळ्यालाच सांगून आले की म्हैस वाळलीय.

संध्याकाळी मी चहा ठेवून बाहेर आले तर आबांच्या हातात ‘मंजुळेचा हट्ट’. शेवटचंच पान. नाकाशी धरलेलं, ओळीवर बोट.  सहीपुरती अक्षरं येतात म्हणजे नक्की किती येतात, हे मी कधी विचारलंच नाही. आणि शिकवली कुणी, तेही नाही.

पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं. ‘लई बारीक छापत्यात.’

मग चहात साखर कमी आहे म्हणाले.

१५ मार्च

पुस्तक वाचनालयात परत केलं. तात्या म्हणाले, ‘कसं वाटलं?’ म्हटलं, बरं आहे, शेवट सोडून.

१८ एप्रिल, रविवार

गगनबावड्याला जाऊन आलो. सकाळच्या गाडीनं. आबांनी ठेवणीतला पटका बांधला होता, कोल्हापुरी करकरा वाजत होत्या. गाडीत सगळ्यांना सांगत होते, ‘जागा बगाय चाललोय.’ कसली, ते नाही.

घाटाच्या टोकाला उतरून जरा चालत गेलो. खाली कोकण, उन्हात पांढुरकं. झाडंच झाडं, मधे कुठं तांबडा ठिपका. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. मी तिथून आईचं गाव शोधत होते, मलाही सापडेना. इतक्या लहानपणी एकदाच गेलेली मी.

‘द्येऊळ कुठलं त्यातलं?’

म्हटलं, माहीत नाही आबा.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत काढला. म्हणाले, ‘हितं तिला आनाय पायजे हुतं.’

मी विचारलं, ‘कुणाला?’

‘मंजुळेला,’ म्हणाले. माझ्याकडं न बघता.

तोंडावर आलं होतं सगळं. पण मी नुसता त्यांचा काठीवरचा तो मोठा हात धरला. बोट दाखवायला मला घर कुठं माहीत होतं?

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी. झोपले असं वाटलं. कळे गाव मागं पडल्यावर डोळे न उघडता म्हणाले, ‘शाले, त्ये पुस्तक परत आन.’

म्हटलं, पुन्हा घाटाचं वाचू?

‘न्हाय,’ म्हणाले. ‘या टायमाला छापलंय तसं वाच.’

उद्या शाळा सुटल्यावर वाचनालयात जायचं आहे.