माप न घेता

अप्पा, तुमचं शिलाईचं मशीन मी हलवलं. दुकानात जिथं ते इतकी वर्षं होतं, तिथं आता माझा व्हायब्राफोन उभा आहे. पेटीच्या सुरांसारख्या ओळीनं मांडलेल्या धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, पायाशी पेडल. काकू बघून गेली. म्हणाली, "अप्पांच्या जागेवर हे? नको गं." मी म्हटलं, जागा आता माझी आहे, चहा घेणार का? चहा घेऊन गेली.

माझ्या शाळेतल्या कार्यक्रमाला तुम्ही एकदाच आलात. विठ्ठल मंदिरात भजनाला जाताना घालायचा तो कोट घालून पहिल्या रांगेत बसलात. मी दोऱ्यानं मढवलेल्या चार काठ्या हातांत धरून जॅझ वाजवते आहे, मूळ चाल सोडून माझ्या मनचं काहीतरी, आणि तुम्ही मधेच उठताय. खुर्ची सरकल्याचं मला ऐकू येतं, तरी मी थांबत नाही. घरी शर्टाला काज करता करता, मान वर न करता तुम्ही कानडी मिसळत म्हणालात, "साकु आता, पुरे, बंद कर. इतकी वर्षं भजनात बसलीस, सम कळत नाही तुला? माप न घेता कापड कापतीस तू." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुमच्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

आता सुचलंय, ऐका. माप असतं. गाण्याची लांबी ठरलेली असते, सूर कुठं वळणार तेही ठरलेलं. ते मनात मोजत, त्याच कापडातून दरवेळी नवा कपडा बेतायचा, तोही लोकांसमोर. उसवायची सोय नाही. चुकलं तर चुकीलाच चुणी घालून पुढं जायचं. आणि बोलतंय कोण? पार बन्नीमंटप भागातून बायका तुमच्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या तेव्हा टेप नुसती गळ्यात असायची. एकदा बघायचात आणि कापडावर खडू फिरवायचात. लोक म्हणायचे, अप्पांच्या नजरेतच टेप आहे. मग माझ्या कानात का नसेल? तुम्ही गेलात, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुतकात पट्ट्यांवर घातलेली चादर काढली आणि वाजवायला लागले. भावकीनं नावं ठेवली. ठेवू देत.

काल इथल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवलं. पेडल दाबलं की सूर लांबतो, सोडलं की तुटतो. बाकीचे हवं तेव्हाच दाबतात. माझा पाय मात्र टाच-चवडा, टाच-चवडा असा सतत हलत राहतो. मला वाजवायला शिकवणाऱ्या सरांनी ही खोड मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, मी मोडू दिली नाही. कार्यक्रमानंतर बंगळूरहून आलेला ड्रमर म्हणाला, "तुझा सूर तुटता तुटता राहतो. हा पाय कुणी शिकवला?" मी ताठ मानेनं सांगितलं, कुणी नाही.

खोटं बोलले. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला मशीनवर बसवलं होतंत, सुईत दोरा न ओवता, नुसता पाय चालवायला. माझे पाय तुमच्या पायांवर. "घाई नको. टाच, मग चवडा. पाय अडला की टाका तुटतो."

माफी मागत नाहीये. मशीन खिडकीपाशी आहे, तेल घातलंय. हे पत्र त्याच्या खणात बॉबिनांजवळ ठेवते. ड्रमरचा नंबर माझ्याकडे आहे. पाय कुणी शिकवला ते खरं सांगायला फोन मात्र अजून केलेला नाही.