अक्षताची वायर आणि माझी मालमत्ता

मी, नागोराव सीताराम देवतळे, वय ७१, निवृत्त प्राध्यापक (भौतिकशास्त्र), राहणार सहकारनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचेही दडपण नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते, हे वकिलांना आधीच विचारून घेतले आहे.

पत्नी ललिता हयात नाही. मला मुलगी अक्षता व मुलगा शुभंकर अशी दोन अपत्ये. अक्षताला जन्मापासून बोलता येत नाही, बोटे सुटी हलत नाहीत. मूठ मात्र घट्ट वळते, आणि बुद्धी आम्हा सर्वांपेक्षा तल्लख. मेव्हण्याने दुबईहून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला, त्यावर मी तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरे, जॉयस्टिकने हव्या त्या अक्षरावर जायचे, बटण दाबायचे. ती अशी बोलते. तिचे पहिले वाक्य होते, 'वरणात मीठ नाही.' ललिता आधी रडली, मग मीठ घेऊन आली.

कलम १. बँकेतील सर्व ठेवी अक्षताला. शुभंकरला काही नाही. 'बाबांच्या लक्षात राहिले नसेल' असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून कारण देतो. जॉयस्टिकची वायर मुळाशी पिळून तुटते आणि नवी मिळत नाही. पीसी आले, जुने कॉम्प्युटर क्लास बंद पडले, तेव्हा मी दारोदार हिंडून त्यांच्या जॉयस्टिक गोळा केल्या होत्या, केवळ वायरींसाठी. ते खोके शुभंकरने दिवाळीच्या साफसफाईत मला न विचारता भंगारवाल्याला दिले. वर मलाच म्हणतो, "किती जंक साठवता बाबा, चिल करा."

महिन्याभरात वायर तुटली. मी बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घातली. एका दुकानदाराने पेपरातून डोके वर न काढता "नाही" म्हटले. कुठे मिळेल विचारले, तर म्हणे, "तो कॉम्प्युटर जिथे मिळतो तिथे."

मग चिरंजीवांनी जुन्या माऊसची वायर आणली. "प्लग सेम आहे बाबा. बसतोय ना, मग झालं." बसला. आत तारा पाच, जॉयस्टिकला लागतात सहा. डावीकडे नेणारी तारच नाही, त्यामुळे एक अक्षर पुढे गेले की मागे येणे बंद. पोरगी अर्धवट शब्द लिहीत बसली आणि हे महाशय म्हणाले, "ॲडजस्ट करेल ती." नव्या पीसीवर तोच प्रोग्रॅम वीकेंडला लिहून देतो, हे तीन वर्षे ऐकतो आहे. अमेरिकेतल्या लोकांच्या विम्याचे प्रोग्रॅम लिहायला याला रात्र पुरत नाही, सख्ख्या बहिणीसाठी रविवार सापडत नाही. लाज वाटली पाहिजे.

अखेर लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवणारी माझी पुतणी भाग्यश्री हिने मोडेमची जुनी वायर शोधून आणली. तिच्यात तारा नऊ. ती कापून मी जोडली.

कलम २. सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि कोणती तार कुठे जाते त्याचा नकाशा भाग्यश्रीला. तारांना डाग देऊन जोडायला मी तिला शिकवले आहे. माऊसची वायर शुभंकरला. त्याने ॲडजस्ट करावे.

कलम ३. राहता फ्लॅट भाग्यश्रीला. तिने अक्षताला लोणी काळभोरला आपल्या घरी सांभाळावे. शुभंकर तिला वाघोलीच्या एका संस्थेत ठेवायचे म्हणतो. मी चौकशी केली. तिथे स्वतःचा कॉम्प्युटर नियमात बसत नाही. म्हणजे माझ्यामागे हिचे तोंडच बंद. मी ते होऊ देणार नाही.

कलम ४. येथवर लिहून मी अक्षताला मोठ्याने वाचून दाखवले. वाटले, खूश होईल. तिने जॉयस्टिक धरली. सावकाश पडद्यावर आले, 'मला कुणाकडे ठेवायचं ते ठरलं. मला कुणी विचारलं?'

माझे डोके फिरले. म्हणालो, "अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?" ती थांबली नाही. 'घर माझ्या नावावर करा. मी इथेच राहीन. भाग्यश्रीताईशी मी बोलते.'

सबब कलम ३ रद्द. फ्लॅट अक्षताचा. तिथे कोणी यावे, कोणी राहावे, हे ती सांगेल. खोडलेल्या जागी माझी व साक्षीदारांची सही आहे. तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचाही मला राग आला आहे.

सही: ना. सी. देवतळे
आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. रंगराव काळमेघ
२. संभाजी वाळके, शेजारी
पुणे, १६ फेब्रुवारी २००३