पोहोच चौदा हजार

३ एप्रिल, सकाळी ११.५०
पथक येणार, हे नक्की. भोपाळ ऑफिसच्या अमृता मॅडमनी आत्ताच फोनवर कन्फर्म केलं. २१ मे, निधी देणाऱ्या संस्थेचे तीन परदेशी प्रतिनिधी, एक दिवस, बुऱ्हाणपूर. विषय आमचाच: पॉवरलूम कामगार आणि वाढता उन्हाळा. मॅडमनी मी न विचारता आणखी एक गोष्ट कन्फर्म केली. पथकाला जनसंपर्काचं काम दिसलं तर माझं संपर्क अधिकाऱ्याचं पद अजून तीन वर्षं. दिसलं नाही तर ३० जूनला संपलं.
दिसलं नाही तर! एकोणीस वर्षं मी या जिल्ह्याला गोष्टी दाखवतोय. संडास, लसीकरण, बँकेची खाती. येऊ द्या पथक.
संकल्प: रोज सकाळी सहाला उठून फील्डवर जायचं. रोजनिशीत फक्त खरं लिहायचं.

४ एप्रिल, सकाळी ९.१५
आत्ता उठलो. फील्ड उद्यापासून. प्लॅनिंग हेही एक प्रकारचं फील्डच.

६ एप्रिल
मॅडमचं म्हणणं, आधी चार दिवस लूमच्या शेडमध्ये जाऊन बसा, लोक आपसात कसे बोलतात ते बघा. मी नम्रपणे सांगितलं की मी इथलाच आहे, लूमची खटखट ऐकतच मोठा झालोय. शेडच्या आत एकदाच गेलोय हे सांगितलं नाही. २०११, एका उद्घाटनाला. दहा मिनिटांत कान बधिर झाले म्हणून बाहेर आलो. अनुभवी माणसाला दहा मिनिटं पुरतात.
माध्यम ठरलं: रिक्षा आणि भोंगा. मॅडमनी विचारलं, शेडमध्ये ऐकू जाईल का. म्हटलं, मोठा भोंगा घेऊ.

९ एप्रिल
संदेश लिहून झाला. तीन मुद्दे. निर्जलीकरण टाळा, विश्रांती घ्या, ऊन आत येऊ देऊ नका. बायको, प्रतिभा, वीस वर्षं शाळेत शिकवते, त्यामुळे तिला घरीही तपासायची सवय. म्हणाली, अहो, हा पहिला शब्द माझ्या आठवीच्या पोरांना लिहिता येत नाही. शब्द राहील. लोकांची पातळी वाढायला हवी. मग तिने विचारलं, शेडमध्ये प्यायला पाणी आहे का. ते बघणं संदेशाचं काम नाही.
रेकॉर्डिंगला माझाच आवाज. विपुल साउंडवाला म्हणाला, दादा, लग्नात आहेर पुकारल्यासारखं येतंय. भारदस्त, असं त्याला म्हणायचं असावं.

१६ एप्रिल
मोहीम सुरू. रिक्षावाला निलेश सुरुवातीलाच कुरकुरला: सर, पाइपलाइनसाठी गली खोदून ठेवलीय, डांबर नै, धूल बहुत उडते, एकच राउंड मारू. म्हटलं, पुन्हा पुन्हा सांगणं हाच संवादाचा पाया आहे. बावीस फेऱ्या मारल्या.
प्रतिसाद अभूतपूर्व. रिक्षा शेडजवळ आली की खिडक्या पटापट बंद. संदेशातला तिसरा मुद्दा, तोही रेकॉर्डिंग तिथवर पोचायच्या आत! वागणुकीत इतक्या लवकर बदल मी आजवर पाहिलेला नाही. बंद खिडक्यांचे फोटो काढले, चौतीस.
पोहोच: वस्ती सात हजारांची. सकाळ-संध्याकाळ धरून चौदा हजार.

२४ एप्रिल
पारा ४३. मी घरी, कूलरसमोर. जागरूकतेची सुरुवात स्वतःपासून करावी. निलेश एकटाच फिरतोय. त्याने व्हिडिओ पाठवला. सगळ्या खिडक्या बंद. काम बोलतंय.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६
दुपारी अडीचला सुरेशशेठच्या शेडमध्ये जीवन नावाचा कारागीर लूमजवळ चक्कर येऊन पडला. चोवीस वर्षांचा. सलाइन लावलं, तासाभराने शुद्धीवर आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा पांढराफटक पडला होता. त्याचा मेहुणा धर्मेंद्र त्याच शेडमधला सगळ्यात जुना कारागीर. तो सांगत होता, चालत्या लूममध्ये हात जायचा, चार बोटांच्या अंतराने वाचला.
मी धर्मेंद्रला विचारलं, जीवनने आपला संदेश ऐकला नव्हता का. तो म्हणाला की शेडमध्ये कोणालाच काही ऐकू येत नै साहेब, तिथं आम्ही हातांनी बोलतो.
नोंद: कामगारांमध्ये श्रवणदोष. नवा प्रकल्प होऊ शकतो.
प्रेस नोट पाठवली: मोहिमेमुळे सतर्क झालेल्या कामगारांनी सहकाऱ्याला वेळीच रुग्णालयात नेले.
जीवनचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. हे लिहायचं नव्हतं. पण खरं लिहायचं ठरवलंय.

२ मे
प्रेस नोट छापून आली, तिसऱ्या पानावर. फोटो माझा. जीवनचा मी पाठवला नव्हता. प्रतिभाने कात्रण वाचलं, घडी घातली आणि वह्या तपासायला बसली. अभिमान वाटला की ती कामाला लागते.

८ मे
मॅडमनी विचारलं, कडूजी, त्या मुलाला भेटून आलात का. मी आजच जाणार होतो. आमच्या एजन्सीचा लोगो असलेली ग्लुकोजची पाकिटं घेऊन गेलो. जीवन झोपला होता. पाकिटांचा फोटो काढला.

१५ मे
पथकाचा कार्यक्रम फायनल. मुद्दाम जीवनच्याच शेडमध्ये. मी पळ काढणाऱ्यातला नाही. पाहुणे कारागिरांशी बोलणार आणि कारागीर मोहिमेबद्दल सांगणार. अडचण एकच, खटखट. उपायही सोपा. अकरा वाजता अर्धा तास सगळे लूम बंद. सुरेशशेठ आढेवेढे घेऊन तयार झाले.
धर्मेंद्रचं म्हणणं पडलं की लूम बंद झालं तं माणूस तिथं थांबत नै. सांगून पाहिलं, लोक सातासमुद्रापलीकडून येतायत, तुम्ही अर्धा तास थांबा. तो हसला. नकारात्मक वृत्ती. नोंद केली.

२१ मे, सकाळी १०.४०
सगळं तयार. बॅनर अठरा फुटी. माझा फोटो लहान, फक्त चार ठिकाणी. मॅडमचा चेहरा गंभीर आहे, पण त्या भोपाळच्या आहेत.

२१ मे, दुपारी २.३०
घडलं तसं लिहितो.
अकराला सुरेशशेठनी मेन स्विच खाली केला. लूम थांबले. पंखेही थांबले, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. वर पत्रा, बाहेर ४४. बेचाळीस कारागिरांनी गमछ्याने मान पुसली, डबे उचलले आणि मागच्या दाराने निघाले. मी दारात आडवा उभा राहिलो. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून अदबीने बाजूने गेला. मला नंतर कळलं की लूम बंद म्हणजे यांच्या लेखी एक तर लाइट गेली, नाही तर सुट्टी, आणि दोन्हींत माणूस राजघाटावर नदीत उतरतो. धर्मेंद्रने हे मला स्पष्ट सांगायला हवं होतं.
अकरा वाजून सात मिनिटांनी शेडमध्ये तीन पाहुणे, मॅडम, मी, बॅनर आणि गोदाबाई. गोदाबाई कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरतात. गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता येत नाही, म्हणून त्या राहिल्या.
पाहुण्यांनी मॅडममार्फत विचारलं, कोणता संदेश पोचला. मी मागून निर्जलीकरण, निर्जलीकरण असं सुचवत होतो. गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
“भोंग्याची रिक्षा यायची ना बाई, लई धूळ उडायची. सुतावर बसली तं माल रिजेक्ट. मंग आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. दिवसभर बंद. त्याच खिडकीखाली पडला आमचा जीवन.”
मॅडमनी पूर्ण भाषांतर केलं. थोडक्यात केलं असतं तरी चाललं असतं.
मग प्रश्न आला की आता पाणी पिण्याचं लक्षात कसं राहतं. गोदाबाईंनी अंगठा ओठांना लावून दाखवला. जीवन पडल्यापासून दर तासाला धर्मेंद्र पुढच्या लूमवरून ही खूण करतो. शेजारचा ती बघून पुढे देतो, अशी शेवटच्या लूमपर्यंत जाते. एक जण प्यायला गेला की बाजूचा त्याचा लूम सांभाळतो. रिक्षाच्या वेळी खिडकीही कोण लावणार, कोण उघडणार, हे ठरलेलं.
पाहुण्यांनी गोदाबाईंचा अंगठा तीन वेळा शूट केला. बॅनर मागे दिसतोय. अर्धा.

२३ मे
शांतपणे विचार केला. हे अपयश नाही. खिडक्या बंद झाल्या, म्हणजे मोहिमेचा परिणाम झाला. परिणाम कोणता हा पुढचा मुद्दा. मॅडमना सहा पानी पत्र लिहिलं आणि त्यात एक पाऊलही मागे घेतलं नाही. प्रतिभाने पत्र वाचून एवढंच विचारलं, यात जीवनचं नाव कुठाय. नव्हतं. घातलं, चौथ्या पानावर.
तिने पत्र परत हातात दिलं. मग नाव पहिल्या पानावर घेतलं.

२८ मे, संध्याकाळी ५.१०
अमृता मॅडमनी फोनवर कन्फर्म केलं, पाठोपाठ मेलही आला. प्रकल्प तीन वर्षं पुढे चालणार. संपर्क अधिकारी हे पद ३० जूनला बंद. त्याऐवजी शेडमध्ये माठ, खिडक्यांना बारीक जाळ्या, आणि सगळ्या शेडमध्ये खुणा पोचवायला एक माणूस, अर्धवेळ. धर्मेंद्र.
मी माझा तीव्र निषेध नोंदवायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, नोंदवला. मग म्हणाल्या की ३० जूनपर्यंत तुम्हाला एकच काम आहे, कडूजी. धर्मेंद्रच्या खुणा चित्रांसह लिहून काढायच्या, दुसऱ्या शेडसाठी. म्हटलं, त्याला ऑफिसात पाठवा. तो लूम सोडून येणार नाही म्हणे. मीच जायचं, आणि चालत. वस्तीने गल्लीत आमची रिक्षा बंद केलीय.
ठीक आहे. जाईन. शिकायला नाही, तपासायला. खुणांमध्ये सुधारणेला बराच वाव आहे, हे मी लांबूनच सांगू शकतो.
उद्या सकाळी सात वाजता, सुरेशशेठचं शेड. धर्मेंद्रने निलेशजवळ निरोप दिलाय: सात म्हणजे सात, आणि साहेबांना सांग, आत आल्यावर बोलायचं नै, फक्त बघायचं.