चौथ्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय नीलम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील, तर आधी पाणी पी. वही तपासायची राहिलेली नाही आणि आईला शाळेत बोलावलेलंही नाही. बारा वर्षांनी तुझ्या चंदना बाई तुला पत्र लिहितायत, तेही निळ्या शाईनं. खरं सांगते, मला फार हलकं हलकं वाटतंय. विज्ञानावरून तुझं मन उडालं ते माझ्यामुळं, ही धास्ती मी इतकी वर्षं उराशी बाळगली होती. गेल्या गुरुवारी निपाणीच्या बाजारात ती तुझ्या आईनं, बाळाबाईनं, एका दमात उतरवली. पण ते नंतर.

दगडांचं वय कसं ओळखतात हा धडा तुला आठवत असेल. आपल्या गावच्या जोतिबाच्या मळ्यात नवी विहीर खणत होते, तिथं मी तुमचा दहावीचा अख्खा वर्ग नेला होता. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. जो थर खाली तो आधीचा, एवढं तुम्हाला डोळ्यांनी दिसलं. मग शाळेच्या कपाटातला शंखाचा ठसा असलेला दगड मी हातोहात फिरवला. त्या ठशाचं वय त्याच्या वरच्या आणि खालच्या लाव्हाच्या थरांवरून काढतात, आणि आपल्याकडचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे सांगितल्यावर तू तो दगड परत द्यायलाच तयार नव्हतीस. इथवर सगळं छान चाललं होतं.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी वर्गात. लाव्हाचं वय आकड्यात कसं कळतं हे मला सांगायचं होतं. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार हळूहळू कमी होत जातो, त्याचा वायू बनून दगडातच अडकतो. किती उरलं आणि किती वायू झाला ते मोजलं की वय निघतं. हे सोपं करायला मी आमच्या जैन पाठशाळेतली गोष्ट आणली. एक योजन लांबरुंद, तेवढाच खोल खड्डा, कोकराच्या बारीक केसांनी गच्च भरलेला. दर शंभर वर्षांनी एक केस काढायचा; खड्डा रिकामा व्हायला लागेल तो काळ म्हणजे एक पल्य. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला चक्कर यायची. गोष्ट तिच्या जागी बरोबर आहे गं, मी तिला भलत्या जागी नेली. पोटॅशियमही असंच केसाकेसानं जातं, निम्मं जायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात, म्हणजे अडीचशे कोटींत सगळं संपलं, असं मी फळ्यावर ठोकून दिलं. वर्गानं माना डोलावल्या.

तू मात्र शेवटून दुसऱ्या बाकावर उभी राहिलीस. म्हणालीस, "बाई, निम्मं गेल्यावर उरल्याल्याचं परत निम्मं जाणार की. मग खड्डा मोकळा कसा हुईल?" आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, तुझ्या घरी केसांची पैदास होत असेल. वर्ग खिदळला. तू खाली बसलीस. पण पक्की हट्टी! चाचणीत चौथ्या प्रश्नाला पुन्हा तेच लिहिलंस, अडीचशे कोटी वर्षांनी पाव भाग उरेल. मी पाचपैकी भोपळा दिला आणि लाल शाईत शेरा मारला, 'शिकवले तेवढेच लिहावे.' तू पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात आलीस, तेव्हा मी चहा पीत होते. तुला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तू एकही प्रश्न विचारला नाहीस. आणि जूनमध्ये कळलं, विज्ञानाला मार्क असूनही नीलमनं चिकोडीला आर्ट्स घेतलं.

पुढच्याच वर्षी बेळगावात आमचं प्रशिक्षण झालं. तिथल्या सरांनी प्रत्येकीपुढं एक डबा ठेवला. आत चौसष्ट फोडलेले चिंचोके, आपण पटावर फासे म्हणून टाकतो तेच, एका अंगाला काळे, दुसऱ्या अंगाला पांढरे. डबा हलवून ओता, पांढरे वर पडतील ते बाजूला काढा, उरलेले पुन्हा ओता; एक फेक म्हणजे सव्वाशे कोटी वर्षं. पहिल्या फेकीला माझ्यापुढं तेहेतीस उरले. दुसऱ्या फेकीला माझ्या हिशेबानं सगळे संपायला हवे होते. पंधरा उरले. चौसष्टाचा जवळजवळ पाव भाग! बाकीच्या बायका हसतखेळत होत्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या वर्षीपासून धडा मी बरोबर शिकवू लागले, पण गुपचूप. कुणाला काही बोलले नाही. चूक झाली त्याचं एवढं नाही, पण अकरा वर्षं ती झाकली, याची मला लाज वाटते. शिकवणारीची जीभ अशा वेळी फार जड होते. बाळाबाई समोरून येताना दिसली की मी दुसऱ्या बोळात शिरायची. गावात सगळ्यांना वाटायचं, बाईंना शिष्टपणा आलाय.

गुरुवारी मात्र तिनं मला मिरच्यांच्या ढिगापाशी गाठलंच. म्हणाली, "आवं बाई, नीलीला जरा सांगा की! खानापुरात शाळंत भूगोल शिकवती न्हवं, सुट्टीला आली की पिशवी भरून दगडं आणती. जात्याखाली दगडं, देव्हाऱ्यात दगडं. इचारलं तर म्हंती, बाईंनी हिरीवर न्हेऊन दावलंतं, तवाधरनं याड लागलंय." नीलम, मी भर बाजारात हसत सुटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरच्यांवर ढकललं. तुझा नाद सुटला नव्हता. तू दुसऱ्या दारानं आत गेली होतीस. त्या आनंदात नको असताना दोन किलो मिरच्या घेतल्या, त्या आता अंगणभर वाळतायत.

काल तोच धडा होता. चिंचोक्यांचा डबा घेऊन मी वर्गात गेले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं, खड्डा, तुझा प्रश्न, भोपळा, शेरा, चहासुद्धा. तुझं नाव घेऊन सांगितलं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरची दिव्या उठली. तुझंच बाक. म्हणाली, "बाई, आमाला सांगितलासा ते बरं केलासा. पर त्या आक्कास्नी कुठं सांगितलासा?" म्हणून हे पत्र. तू दारात आली होतीस ना पेपर घेऊन, आता मी आलेय. सोबतचे चौसष्ट चिंचोके वर्गानं फोडून दिलेत, तुझ्या शाळेतल्या मुलांसाठी. आणि पुढची एक ओळ तेवढी लाल शाईत लिहिते.

प्रश्न चौथा : पाचपैकी पाच. चूक बाईंची होती.

तुझीच,
चंदना बाई