बंडूकाकांच्या इस्टेटीचा मेल

बाबा,

तुमचा चष्मा शिलाई मशीनवर राहिलाय. दूध तापवून ठेवलंय. बंडूकाका गेल्याचं कळवायला तुम्ही नातेवाइकांना लिहिलेली पत्रं मी पोस्टात टाकलेली नाहीत.

काका परदेशात वारले आणि तुमच्या नावे इस्टेट ठेवून गेले, असं सांगणारा त्या वकिलाचा मेल खोटा आहे. त्यातल्या नंबरावर मी फोन केला नाही. तिथल्या वकील संघटनेचा नंबर वेगळा शोधून विचारलं. त्या नावाचा वकीलच त्यांच्याकडे नाही. आपणहून मेल पाठवून आधी फी मागतो तो चोरच समजा, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, मग त्याला बंडू हे घरातलं नाव कसं कळलं? बाबा, पहिल्या मेलमध्ये फक्त ‘आपले नातेवाईक’ एवढंच होतं. ‘आमचा बंडू का हो?’ हे तुम्हीच उत्तरात लिहिलंत. बंडू आला तो दुसऱ्या मेलमध्ये.

त्या मेलवाल्याचा फोन आला तर उचलू नका. भांडून घर सोडून गेलेल्या माणसाला आपणच मारून टाकू नये. संध्याकाळी आपण दोघं मिळून काकांचा खरा पत्ता शोधू.

पहिला मेल आला तेव्हा ‘उत्तर तरी द्या’ असं मीच म्हणाले होते.