बिनवायरची इस्त्री

बाबा, आपल्या घरात नवी इस्त्री आली आहे आणि तिला वायर नाही. म्हणजे वायर आहे, पण ती खालच्या बैठकीला. इस्त्री त्या बैठकीवर बसून तापते आणि उचलली की मोकळी. तिच्या पोटात पाणी भरायचं, अंगठ्याखालचं बटण दाबलं की फस्सकन वाफ सुटते, कपडा ओला होतो आणि लगेच सुकतो. थोडी चालवली की निवते. मग परत बैठकीवर ठेवायची, बारीकसा दिवा लागेपर्यंत थांबायचं, परत उचलायची. सून म्हणाली, "आई, ते थांबणं तेवढं कंटाळवाणं आहे हं." मला तर ते थांबणंच आवडतं. तेवढ्यात झालेल्या कपड्याची घडी होते आणि घडी झाली की खिडकीकडे बघत उभं राहता येतं. आम्ही आता फार वर राहतो, बाबा. चाळ पाडली त्याच जागेवर ही इमारत उभी राहिली, पण आपली खोली जिथे होती तिथे आता हवाच आहे की कुणाची गाडी उभी असते, ते मला नीट सांगता येत नाही. दुपारी घरात कुणी नसतं. उशांचे अभ्रे, नातवाचे शाळेचे शर्ट, सुनेचे कुर्ते असा ढीग घेऊन मी बसते. वाफ काचेवर जाऊन बसते, समोरच्या इमारती पुसल्या जातात, आणि थोडा वेळ लालबाग जसं होतं तसं असायला काही हरकत उरत नाही. अशा वेळी तुम्ही येता. बोलत काही नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहता आणि कपड्याचं दुसरं टोक धरता.

तुम्ही गिरणीत फोल्डिंग खात्यात होता. कापड तयार होऊन शेवटी तुमच्या हाताखाली यायचं, ताग्याची घडी पडायची आणि ते बाहेर जायचं. घरी आलात की तुमच्या शर्टाला नव्या कापडाचा, खळीचा वास यायचा. आई म्हणायची तो वास धुऊन जात नाही. मग संप झाला आणि तो वास हळूहळू गेला. सुरुवातीचे आठवडे तुम्ही सभेला जात होता, गेटवर जात होता, रात्री घसा बसून घरी येत होता. नंतर नंतर दिवस लांबत गेले. तुमच्या हातांना काम नव्हतं आणि ते गप्प बसत नव्हते. तुम्ही घरातल्या सगळ्या चादरींच्या नव्याने घड्या घातल्यात, मग आईच्या साड्यांच्या, मग जुन्या वर्तमानपत्रांच्या. एकदा पोळपाटावरचं फडकं आई उचलायला गेली तर त्याची चौकोनी घडी. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता माकाच घडी घालून ठेवा फळयेर." आपण सगळे हसलो. तुम्हीही हसलात, पण दुसऱ्या दिवशी चालत ठाकूरद्वारला गेलात आणि ओळखीच्या म्हाताऱ्या परटाकडून पितळेची कोळशाची इस्त्री घेऊन आलात. त्याने विजेची घेतली होती, ही कोपऱ्यात पडून होती. इतकी जड होती की मला एका हाताने उचलवत नव्हती. पुढे झाकणाला कोंबड्याच्या आकाराची खिट्टी होती. तुम्ही ती चिंचेने घासलीत, तेव्हा कोंबडा असा काही चमकला की आपल्या खोलीत देव्हाऱ्यानंतर तोच.

गॅलरीत दोन पिंपांवर फळी टाकलीत, तिच्यावर जुनी घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर. गावाहून नारळ यायचे त्यांच्या करवंट्या तुम्ही साठवायला लागलात. करवंटीचा निखारा बराच वेळ धगधगतो, म्हणायचात. इस्त्रीत निखारे भरून ती झुलवत तुम्ही गॅलरीच्या टोकापर्यंत जायचात आणि परत यायचात, आरतीला निघाल्यासारखे. दादरच्या दोन-तीन इमारतींतून कपडे यायला लागले. मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी तुमच्या शेजारी उभी राहून बाह्या सरळ करून द्यायचे. मी घाई केली की तुम्ही माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचात. "हळू गो. कापडाक घाई करू नये." पाण्यात हात बुडवून तुम्ही शिंपडायचात, इस्त्री फिरायची, आणि त्या वाफेत तुमचा चेहरा क्षणभर दिसेनासा व्हायचा. परत दिसायचा तेव्हा तुम्ही कुठूनतरी लांबून आल्यासारखे वाटायचात.

मग संप चालू असतानाच शेजारचे काका कामावर गेले. आपल्याच गावचे, तुमच्याच गिरणीतले, दोन खोल्यांमध्ये एक भिंत. त्या भिंतीतून त्यांचे डबे रिकामे वाजताना आपण ऐकले होते. तसे आपलेही वाजत होते, पण तुम्ही गेला नाहीत आणि ते गेले. पहाटे कोपऱ्यावर पोलिसांची गाडी आणि ट्रक उभा राहायचा, त्यात काका मान खाली घालून बसायचे आणि जायचे. चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नळावर त्यांच्या बायकोची बादली बाजूला सरकवायचे. कोपऱ्यावरच्या वाण्याने हात जोडले, लाँड्रीवाल्याने कपडे घेतले नाहीत. त्यांची मुलगी माझी मैत्रीण, एकाच बाकावर शिकलेल्या आम्ही. ती जिन्यात दिसली की मी हसायचे, पण दोन्ही बाजूंना बघून मग. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही तर सगळ्यांत जास्त चिडला होता. एरवी संध्याकाळी ज्या माणसाबरोबर तुम्ही एका विडीच्या बंडलातून विड्या ओढायचात, त्याचं नावही घरात काढायचं नाही असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतं.

तो शनिवार मला आज दुपारीही दिसला. ऊन गॅलरीच्या गजांमधून तिरपं आलंय, इस्त्री तापलीय, आई दारात तांदूळ निवडतेय. शेजारच्या काकू आल्या. उंबऱ्यापर्यंत नाही, अलीकडेच थांबल्या. छातीशी धरलेली अंजिरी रंगाची रेशमी साडी. त्यांच्या स्वतःच्या लग्नातली असावी, कारण ट्रंकेत राहून राहून तिच्या घड्या जणू हाडात गेल्या होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास लांबपर्यंत येत होता. त्या तुमच्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "उद्या तिला बघायला यायचेत. गिरगावची माणसं आहेत. दुसरं काही नाही गो घालायला." आईने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "निखारे निवले आज." इस्त्रीच्या भोकांतून धूर निघत होता. काकूंनी तो पाहिला. आईनेही पाहिला. काकू वळल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "वयनी, हकडे दिया."

तिसऱ्या खोलीतले तुमचे दोस्त, संपाच्या प्रत्येक सभेला तुमच्याबरोबर असणारे, बाहेर आले आणि म्हणाले, "तू पण? त्या माणसाच्या घरचं?" तुम्ही साडी फळीवर पसरत होता. मान न वळवता म्हणालात, "लुगडां काय कामार गेलां?" ते काहीतरी मोठ्याने बोलायला गेले, पण तुम्ही बोट वर केलंत, कारण रेशमावर आता इस्त्री ठेवायची वेळ आली होती आणि तेव्हा कुणी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. मग तुम्ही जे केलंत ते मी कितीदा तरी मनात करून बघते. मलमलचं फडकं ओलं केलंत, पिळलंत, साडीवर अंथरलंत, आणि इस्त्री त्याच्यावर टेकवली न टेकवली अशी नेलीत. वाफ उठली. फडकं उचललंत, घडीची रेघ थोडी पुसट झाली होती. परत अंथरलंत. असं वीतभर, मग पुढची वीतभर. मी पदर धरून उभी होते. माझ्या हातांवरून ती साडी अशी सरकत होती की मध्येच मला वाटलं आपण दोघं पाण्यात उभे आहोत आणि हे अंजिरी पाणी माझ्याकडून तुमच्याकडे वाहतंय. चाळीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. कुणी आत जात नव्हतं. आईने ताट खाली ठेवलं होतं.

साडी झाली. तुम्ही तिची घडी घातलीत, गिरणीतली, कड कडेला लावून. काकूंनी हात पुढे केले, तर तुम्ही दिली नाहीत. दोन्ही तळव्यांवर आडवी घेतलीत आणि स्वतः चालत त्यांच्या दारात गेलात. चार पावलांचंच अंतर, पण त्या काळात तिथे कुणी जात नव्हतं. आत काका भिंतीला टेकून बसले होते. ते धडपडत उठले आणि काय करावं न सुचून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या हातांत साडी ठेवलीत आणि म्हणालात, "नीट नेस गो चेडवा. घाबरा नको." ती रडायला लागली. तुम्ही परत आलात आणि कुणाचा तरी पायजमा फळीवर घेतलात.

त्याची किंमत आपण मोजली. पुढे बरेच दिवस चाळीतून तुमच्याकडे एकही कपडा आला नाही. तुमचे दोस्त जिन्यात भेटले की भिंतीकडे बघायचे. आई तुमच्याशी कामापुरतं बोलायची. एकदा तिने विचारलं, "राग होतो ना त्यांचो? मग?" तुम्ही म्हणालात, "राग माझो आसा. चेडवाचा लगीन तिचा आसा." पुढे मैत्रिणीचं लग्न झालं, चाळीतलं दुसरं कुणी गेलं नाही, पण आई गेली, आणि तिने काकूंच्या बरोबरीने अक्षता वाटल्या.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. तो विरत गेला, धुऊन धुऊन कापड विरतं तसा. तुम्हाला परत घेतलं नाही. काही वर्षांनी गिरणीच बंद पडली आणि काकाही घरी बसले. पहाटेचा ट्रक नाही, भोंगा नाही. दोघांच्या दुपारी सारख्याच लांब झाल्या. एक दिवस ते न विचारता आपल्या फळीजवळ येऊन उकिडवे बसले आणि दगडाने करवंट्या फोडायला लागले. तुम्ही त्यांना या म्हटलं नाहीत, जा म्हटलं नाहीत. ते रोज यायला लागले. निखारे फुंकायचे, राख झटकायचे. मी तोवर नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी आतून मला तुम्हा दोघांची नुसती शांतता ऐकू यायची, आणि अधूनमधून करवंटी फुटल्याचा आवाज. एकदा त्यांनी विचारलंच, "तुका माझो राग नाय इलो?" तुम्ही म्हणालात, "इलो तर. अजून आसा. ती करवंटी दी हकडे." त्यांनी दिली. मग दोघेही हसलात, आधी ते, मग तुम्ही, आणि हसता हसता तुम्हाला तो खोकला आला जो पुढे थांबला नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी घरात माणसं मावत नव्हती. कुणीतरी कोरं कापड आणलं, दुकानातल्या घड्यांसकट. ते उलगडून तुमच्या अंगावर घालायला निघाले तर काका म्हणाले, "थांबा." कुणाला काही कळायच्या आत ते गॅलरीत गेले. करवंटी पेटवली, इस्त्री भरली, झुलवत गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. जमलेल्यांपैकी एक म्हणाला, "अहो, ह्याला कोण इस्त्री करतं?" काका म्हणाले, "तेका चुणी आवडत नाय." मी गेले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. त्यांना तुमच्यासारखी येत नव्हती. एका ठिकाणी इस्त्री जरा जास्त टेकली, पिवळसर डाग पडला. पण ते वीतभर, मग पुढची वीतभर असेच नेत होते, आणि तिसऱ्या खोलीतले तुमचे दोस्त शेजारी उभे राहून पाणी शिंपडत होते. ते दोघे तेव्हा कितीतरी वर्षांनी एकमेकांच्या इतक्या जवळ उभे होते.

आता यातलं कुणी नाही. काका गेले, काकू गेल्या, आई गेली. मैत्रीण आजी झाली आहे, सणावाराला फोन करते, आणि आम्ही दोघी गुडघ्यांबद्दल बोलतो. हे मी तुम्हाला का लिहितेय ते मलाही धड माहीत नाही. पाकीट आणलेलं नाही, पत्ता घालायचा तर काय घालणार. नातवाने मघाशी विचारलं, "आजी, तुझे बाबा बोलायचे कसे?" मी सांगायला तोंड उघडलं आणि नुसती बसून राहिले. बाबा, तुमचे शब्द सगळे आहेत माझ्याकडे, तुम्ही कुठे उभे होता, ऊन कुठून येत होतं तेही आहे. तुमचा आवाज मात्र मला आठवत नाही. केव्हा गेला, कळलंसुद्धा नाही. म्हणून वरची तुमची वाक्यं लिहिताना मी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघत होते. सगळी माझ्याच आवाजात आली. एकदाच, "हळू गो" म्हणताना, जरा जवळपास गेल्यासारखं वाटलं.